राहून गेलेला रुसवा

परळच्या त्या कंपनीत दरवर्षी मार्च संपता संपता आठवडाभर 'विंडो' उघडायची. खरी खिडकी नव्हे; त्या काचेच्या इमारतीत खऱ्या खिडक्या उघडतच नसत. या आठवड्यात प्रत्येकाने कंपनीला सांगायचं, की येत्या वर्षी आरोग्य विम्यात आमच्या घरातली कोणकोण माणसं घ्या आणि बचतीसाठी पगारातून किती कापा. आठवडा संपला की विंडो बंद. मग वर्षभर कपाळ आपटून घेतलंत तरी एक नाव घालता येत नाही की काढता येत नाही.

ही विंडो सांभाळायची एच.आर.मधली कादंबरी परब. चाळिशीची, चष्मेवाली, कधी आवाज न चढवणारी बाई. कंपनी दरवर्षी काहीतरी काढून घ्यायची, त्याला 'सुधारणा' म्हणायची आणि ती सुधारणा लोकांच्या गळी उतरवायला कादंबरीला पुढे करायची. वाईट बातमी द्यायची तर निदान तोंड तरी गोड करावं म्हणून तिने टेबलाच्या खणात चिक्कीचा डबा ठेवला होता. काही वर्षांत अशी गत झाली, की तिने डबा पुढे केला की समोरचा विचारायचा, "मॅडम, या वेळी काय बंद झालं?"

या वर्षी दोन गोष्टी बंद झाल्या होत्या. भविष्यनिर्वाह निधीत जो आपणहून जादा पैसे टाकेल त्याला कंपनी वरून थोडी भर घालायची, ती आता घालणार नव्हती. त्यावर लोक जेवणाच्या सुट्टीपुरते कुरकुरले आणि विसरले. दुसऱ्या सुधारणेने मात्र महाभारत झालं. आजवर विम्यात आई-वडील आणि सासू-सासरे दोन्ही घालता यायचे. आता दोन्हीपैकी एकच जोडी. आणि जी निवडाल ती तीन वर्षं बदलता येणार नाही.

म्हणजे घराघरात बसवलेली घडी कंपनीने एका ओळीत विस्कटली. अकाउंट्समधला एक जण विचारायला आला, "माझी आई आणि हिची आई, अशी मिसळ चालेल का?" नाही चालणार. एका इंजिनिअरची बायको थेट रिसेप्शनवर येऊन बसली; तिला नवऱ्याच्या शब्दावर भरवसा नव्हता. रिसेप्शनवरची प्रिती स्वतःच रडकुंडीला आलेली. "मॅडम, आईला घातलं तर सासरी नांदता येणार नाही आणि सासूला घातलं तर माहेरी तोंड दाखवता येणार नाही. तुम्हीच सांगा." ऑफिसने त्या आठवड्याला 'सासू-सप्ताह' असं नाव ठेवलं. हरिनाम सप्ताहात टाळ थांबत नाहीत, इथे भांडण थांबत नव्हतं.

कादंबरी प्रत्येकाला चिक्की द्यायची आणि एकच सांगायची: ज्याची गरज मोठी, त्याचं नाव घाला. सांगायला काय जातंय! तिच्या स्वतःच्या नावापुढची जागा अजून कोरीच होती.

तिचं सासर लालबागला. नवरा गौतम याचा रे रोडला प्लायवुडचा भागीदारीतला धंदा. तिथे कुठली कंपनी आणि कुठला विमा! त्यामुळे घरातली सगळी दुखणीखुपणी कादंबरीच्या नोकरीच्या आधाराने उभी होती. त्यातली सर्वांत मोठी मानकरी म्हणजे सासूबाई, मालन परब. सासरे गेलेले. मालनबाईंची हयात परळच्या म्युनिसिपालटीच्या इस्पितळात आया म्हणून गेली. दुसऱ्यांचे बेडपॅन उचलताना स्वतःला साखर झाली, दाब झाला, आणि दोन्ही त्यांनी बिनतक्रार पोसले. सुनेच्या विम्यावर त्यांचा मोतीबिंदू निघाला, पायाची चिघळलेली जखम बरी झाली. खासगी इस्पितळात त्या प्रथमच पेशंट म्हणून झोपल्या तेव्हा आयेला हाक मारायलाही लाजत होत्या. विम्याचं कार्ड हल्ली मोबाइलमध्ये येतं, पण मालनबाईंसाठी कादंबरीने ते छापून, प्लास्टिकमध्ये घालून दिलं होतं. ते बटव्यात असायचं आणि संधी मिळेल तिथे बाहेर निघायचं. "माझ्या सुनेचा कार्ड," एवढंच त्या म्हणायच्या. पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं.

माहेर गिरगावातलं. वडील कमलाकांत त्रिलोकेकर एका जहाज कंपनीत हेडक्लार्क होते. माणूस सरळ, शिस्तीचा आणि मानाच्या बाबतीत सुंभ जळाला तरी पीळ न सोडणारा. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, असं जुनी माणसं म्हणत. नातवंड झालं की ही अट सुटते, असंही तीच जुनी माणसं म्हणत. कमलाकांतांनी यातलं पहिलं तेवढं उचललं. नात ओवी सातवीत गेली तरी लालबागला येताना ते गिरगावातून स्वतःची पाण्याची बाटली घेऊन यायचे. "व्याही आपलो समुद्र वांगडा घेवन इले," मालनबाई म्हणायच्या. त्यातून हा माणूस जातीचा मासेखाऊ. मालनबाईंच्या स्वयंपाकघरातून बांगड्याचं तिखलं उकळल्याचा वास आला की त्यांचा गळा हलताना दिसायचा, पण हात बाटलीकडेच जायचा.

अशा माणसाला लेकीच्या नोकरीतला विमा कसा चालावा? स्वतःची नोकरी संपली तशी त्यांची कंपनीची पॉलिसी संपली. फंडाचा पैसा आला तो बहुतेक कादंबरीच्या एमबीएला लागला होता. बाहेरून विमा घ्यायचा तर "आपल्या घराण्यात आजारी पडायची पद्धत नाही." दर मार्चला कादंबरी विचारायची, बाबा, तुमचं आणि मम्मीचं नाव घालते, कोणाचं काही जात नाही. दर मार्चला एकच उत्तर यायचं, "मुलीचं खायचे दिवस अजून आलेले नाहीत." जेव्हा नुसतं हो म्हणायचं होतं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. माणसाचा मान किती महाग पडतो ते असं उशिरा कळतं.

यंदाच्या जानेवारीत जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. फेब्रुवारीत मधल्या पायरीवर चक्कर आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची एक झडप आकसली आहे, बदलावी लागेल, उन्हाळा काढू नका. सरकारी इस्पितळात नाव घातलं तर नंबर पावसाळ्यानंतरचा लागला. खासगीतला आकडा ऐकून उर्मिलाबाई, कादंबरीच्या आई, तिथल्याच बाकावर खाली बसल्या. राहतं घर पागडीचं, त्याच्यावर कर्ज कोण देणार? बाहेरचा विमा जुन्या दुखण्याला तीन वर्षं थांबायला लावतो. पहिल्या दिवसापासून जुनं दुखणं धरणारा विमा एकच होता, कादंबरीच्या कंपनीतला. आणि त्यात जागा आता एकाच बाजूला होती.

म्हणजे बाबांना घालायचं तर मालनबाईंना काढायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर ती गिरगावला गेली. कमलाकांत खुर्चीत उशीला टेकून बसले होते; हल्ली आडवं झालं की श्वास अडकायचा. तिने नकळत पिशवीतून चिक्की काढली.

"काय बंद झालं?" त्यांनी विचारलं. लेकीच्या ऑफिसातला विनोद त्यांच्यापर्यंत पोचला होता.

तिने सगळं सांगितलं. त्यांनी चिक्की न खाता बाजूला ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे विहीणबाईंना घराबाहेर काढायचं आणि त्यांच्या पलंगावर मी झोपायचं."

"बाबा, घराबाहेर काय! नुसतं विम्यातलं नाव."

"तेच ते. कादंबरी, त्या बाईने लग्नात माझ्याकडून साधी साडी घेतलेली नाही. विसरलीस?"

ती कशी विसरेल? लग्नाला चौदा वर्षं झाली तरी बाबा ते दर दिवाळीला काढायचे. मुलीने लालबागच्या पोराशी जमवलं तेव्हा कमलाकांतांना सर्वांत मोठी धास्ती विहिणीच्या रुसव्याची होती. जुन्या लग्नांत वराच्या आईने पंगतीत रुसून बसायचं, पानाला हात लावायचा नाही, आणि मुलीच्या बापाने हात जोडून ती मागेल ते द्यायचं, हा रिवाजच. त्यांनी साडी, चांदीचं ताट, सगळं तयार ठेवलं होतं. आणि मालनबाई? त्या सरळ पानावर बसल्या, पोटभर जेवल्या आणि वर जिलबी मागून घेतली. कमलाकांत काकुळतीला येऊन म्हणाले, "विहीणबाई, काहीतरी मागा हो." तर त्यांच्या लेकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चेडू दिलात, आणखी काय व्हया?" त्या दिवशी हा माणूस सुटला नाही, उलट अडकला. आपल्याला कोणी मान करायची संधीच दिली नाही, ही रुखरुख त्यांना जन्माची लागली.

"त्यांचं काढून घेऊन मला जगायचं नाही," ते म्हणाले. "हा विषय संपला."

उर्मिलाबाई दारापर्यंत पोचवायला आल्या. लेकीचा हात घट्ट धरून उभ्या राहिल्या. कादंबरीला वाटलं, मम्मी ओरडली असती तरी परवडलं असतं.

घरी मालनबाई भजनाला गेल्या होत्या. तिने गौतमला सांगितलं. तो ताटातला भात चिवडत राहिला.

"आईला विचारू नको," तो म्हणाला.

"का? चिडतील?"

"चिडली असती तर बरं होतं गं. ती लगेच हो म्हणेल. म्हणून तर विचारायचं नाही. तिचं वय बघ, तिची साखर बघ." मग ताट सरकवून म्हणाला, "मी बाबांना घाल म्हटलं तर आईचा गुन्हेगार, आईला ठेव म्हटलं तर तुझा. मला यात पाडू नको, प्लीज."

त्याचा राग यावा असं ते बोलणं होतं, पण कादंबरीला राग आला नाही. तिलाही असंच कोणीतरी यातून वगळलेलं हवं होतं. मग दोघांनी घरात अळीमिळी गुपचिळी केली.

पण लालबागच्या चाळीत गुपित टिकलंय कधी? प्रिती समोरच्याच चाळीत राहायची. तिच्या घरी आई की सासू यावरून जी भांडी आपटली, त्यांचा आवाज गॅलरी ओलांडून मालनबाईंच्या कानावर आलाच. त्यांनी प्रितीला नळावर गाठलं आणि कंपनीचा सगळा नियम काढून घेतला. व्याह्यांची झडप त्यांना ठाऊक होतीच. दोन आणि दोन चार करायला आयेची नोकरीसुद्धा पुरते. आता सून आपल्याला कधी विचारते, याची त्या वाट पाहत राहिल्या. बुधवार गेला, गुरुवार गेला. सून चहा देताना डोळ्याला डोळा देत नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी विंडो बंद होणार होती. दुपारी कादंबरीच्या टेबलाशी रांग लागलेली असताना उर्मिलाबाईंचा फोन आला.

"कादंबरी, तू ताबडतोब ये. तुझ्या सासूबाई आल्यात."

"गिरगावात? एकट्या?"

"एकट्या. सकाळपासून बसल्यात. चहा दिला, घेतला नाही. सरबत दिलं, नाही. पाणीसुद्धा नाही गं! विचारलं तर म्हणतात, मी रुसल्येय. काय झालंय तुमच्यात?"

कादंबरी रांग तशीच सोडून उठली. रांगेतल्या प्रितीकडे पाहिलं तर ती मान खाली घालून उभी. "मॅडम, मला वाटलं त्यांना माहीत असेल," ती पुटपुटली.

झालं. मालनबाईंना कळलं होतं, की सून आपलं नाव काढायच्या विचारात आहे, आणि तेही चोरून. म्हणून त्या थेट जाब विचारायला माहेरी जाऊन धडकल्या, आणि तेही बाबांच्या या अवस्थेत. कादंबरी टॅक्सीत बसली. लालबाग गेलं, भायखळा गेलं, आणि ती मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत राहिली. आई, मी काढलं नव्हतं, नुसता विचार केला होता. आई, मला सांगायला तोंड नव्हतं. एकही वाक्य बरं वाटेना. चौदा वर्षांत त्या बाईने तिला माहेरावरून एक शब्द ऐकवला नव्हता. आज पहिल्यांदा ऐकवणार होत्या, आणि चूक आपली होती, याचं तिला रडू येत होतं.

ती दारात पोचली तेव्हा मालनबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अंगावर गौतमच्या लग्नात स्वतःच्या पैशाने घेतलेली हिरवी साडी, मांडीवर बटवा. समोरच्या स्टुलावर झाकण ठेवलेला पाण्याचा तांब्या, साय धरलेला चहा, गरम होऊन गेलेलं सरबत. कमलाकांत पलंगाच्या काठावर पांढरेफटक होऊन बसलेले, हात जोडलेले.

"आई, चूक माझी आहे," कादंबरी चपला काढायच्या आत म्हणाली. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुमचं नाव मी..."

"तू गप ऱ्हव," मालनबाई म्हणाल्या. "तुझो विषयच नाय. ह्यो व्याह्या-विहिणीचो मामलो आसा." आणि कमलाकांतांकडे वळून म्हणाल्या, "ह्या इला, आता सांगतंय. लगीन झाला तेव्हा माझो रुसवो ऱ्हवान गेलो. तुमी म्हणालात, मागा. मी म्हटलंय, माका काय नको. आता व्हया."

कमलाकांतांच्या चेहऱ्यावर रंग आला. चौदा वर्षांची रुखरुख आज फिटणार म्हणून त्यांना खरंच बरं वाटलं असावं. "मागा ना, विहीणबाई! अहो, मी तेव्हापासून सांगतोय. साडी म्हणा, चांदीचं ताट अजून कपाटात आहे. जे सांगाल ते."

"तुमचा आधार कार्ड व्हया," मालनबाई म्हणाल्या.

मालनबाईंनी बटवा उघडला, ते प्लास्टिकमधलं कार्ड काढलं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवलं. "ह्या माझा. ह्याच्यावर तुमचा नाव घालूचा आसा, आज संध्याकाळच्या आत. तुमचा आणि विहिणीचा."

"ते सोडून काहीही मागा."

"दुसरा काय नको."

"विहीणबाई, तुम्हाला साखर आहे, दाब आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"माका काय होवचा नाय. आणि झालाच तर इस्पितळ आसा. सगळी माझी वळखीची."

कादंबरी खाली बघत राहिली. त्या इस्पितळातली मालनबाईंच्या ओळखीची माणसं एकेक करून केव्हाच निवृत्त झाली होती. शेवटच्या सिस्टरच्या निरोप समारंभाला कादंबरीच त्यांना घेऊन गेली होती. तिथे आता त्यांना नावाने ओळखणारं कोणी नव्हतं, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं.

"बाई, तुम्ही पाणी तरी घ्या," कमलाकांत म्हणाले.

"कार्ड देवा, मगे घेतंय."

"हा हट्ट झाला."

"रुसवो म्हणजे हट्टच. नायतर काय व्हतो?"

तेवढ्यात कादंबरीचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. बटव्यावरची बोटं बारीक थरथरत होती, कपाळावर घाम जमला होता. सकाळची साखरेची गोळी घेऊन ही बाई उपाशी बसली होती. "आई, साखर उतरतेय तुमची. काहीतरी तोंडात टाका आधी!"

"उतरली तर उतरांदे."

कमलाकांतांनीही तो हात पाहिला. त्यांच्या घरातून आजवर कोणी कोरड्या तोंडाने गेलं नव्हतं, आणि इथे साक्षात विहीण त्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यावाचून कोमेजत होती. ते अगतिक होऊन म्हणाले, "अहो, का पण? माझ्यासाठी का एवढं?"

"तुमच्यासाठी कोण करता?" मालनबाईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "माका काय झाला तर ह्या चेडू रडतला, चार दिवसांनी गप होतला. तुमका काय झाला तर? ता जन्मभर माझ्या तोंडाकडे बघतला. बोलाचा नाय हो, तसा नाय ता. पण ताट वाढताना बघतला, आणि मनात म्हणतला, हिचा नाव व्हता म्हणान माझो बापूस गेलो. ता माका सहन होवचा नाय. माका माझ्या घरात सुखान जेवाचा आसा."

कमलाकांत भिंतीचा आधार घेत उठले, कपाटाशी गेले, आणि जे चौदा वर्षं कपाटाबाहेर निघालं नव्हतं, त्या चांदीच्या ताटात आधार कार्ड ठेवून विहिणीपुढे आले. "घ्या," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. उर्मिलाबाई आधीपासूनच रडत होत्या.

कादंबरीने फोनवर दोघांची नावं भरली. शेवटी पडद्यावर एक प्रश्न आला आणि तिचं बोट थांबलं.

"काय विचारता?" मालनबाईंनी विचारलं.

"मालन गणपत परब यांचं नाव काढू का, म्हणून."

"आण हय."

त्यांनी फोन घेतला. सही यायची त्यांना. आयेच्या नोकरीत रोजच्या हजेरीला करत होत्या. पण आज त्यांनी अंगठा पुढे केला आणि 'हो' वर नीट दाबून धरला, कागदावर उठतो तसा उठायला हवा म्हणून. मग म्हणाल्या, "झाला? आता पाणी देवा. आणि कायतरी गोड, लवकर." कादंबरीने पिशवीतून चिक्की काढून त्यांच्या तोंडात घातली.

एप्रिल सरता सरता झडप बदलली. कमलाकांत महिनाभरात जिना चढायला लागले. इकडे कादंबरी फंडात जादा कापून घेत होती, ते तिने त्याच शुक्रवारी विंडो बंद व्हायच्या आत थांबवलं होतं. तसाही कंपनीने त्यावरचा हात काढलाच होता. त्या पैशांत गौतमचे घालून मालनबाईंसाठी बाहेरची पॉलिसी घेतली. एजंटने स्पष्ट सांगितलं, साखर आणि दाबाचं काही निघालं तर पहिली तीन वर्षं एक पैसा मिळणार नाही. मालनबाई म्हणाल्या, "बरा. तीन वर्षा आजारी पडूचा नाय. ठरला."

हे गिरगावात कळलं आणि कमलाकांतांनी ती तीन वर्षं स्वतःच्या अंगावर घेतली. रोज सकाळच्या चहाला मालनबाईंचा फोन वाजायचा. "विहीणबाई, साखर तपासली? काल भात किती वाटी? चाललात का?" त्या वैतागायच्या, "माझ्या घोवान कधी इतकी चवकशी केली नाय!" आणि फोन ठेवून, डब्यातून काढलेला लाडू निमूट परत ठेवायच्या.

पुढच्या जानेवारीतल्या एका रविवारी कादंबरी घरात तांदूळ निवडत होती. बेल वाजली. दारात कमलाकांत, घामाघूम, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"कुठे आहेत त्या?"

"कोण?"

"विहीणबाई! तीनदा फोन केला, उचलत नाहीत. काय झालंय? मला खरं सांग."

"बाबा, त्या मासे आणायला गेल्यात. फोन इथे चार्जिंगला आहे, माझ्या लक्षात नाही आलं."

ते मटकन खुर्चीत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, श्वास अजून जागेवर नाही. कादंबरी समोर उभी राहिली. त्यांना पाणी विचारायची सवयच तिला उरली नव्हती. इतक्या वर्षांत ती मोडून गेली होती. तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. बाटली नव्हती. गिरगावातून लालबागपर्यंत हा माणूस तसाच धावत आला होता.

मालनबाई पिशवी घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या. "काय झाला? विहीण बरी आसा मां?"

"तुम्हाला फोन बरोबर ठेवता येत नाही?" कमलाकांत ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते विहिणीवर ओरडले असतील. "अजून सव्वादोन वर्षं जायची आहेत! तुम्हाला काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवणार होतो?"

मालनबाईंनी पिशवी खाली ठेवली. आपल्याला कोणी इतक्या तळमळीने विचारावं, याची त्यांना सवय नव्हती.

कमलाकांतांनी रुमालाने मान पुसली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "विहीणबाई, पाणी द्या."

कादंबरी पुढे झाली, पण मालनबाईंनी तिला हातानेच थांबवलं. त्या स्वतः आत गेल्या, मासळीचे हात साबणाने घासून धुतले, फुलपात्र भरून आणलं. कमलाकांतांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि एका दमात संपवलं. रिकामं फुलपात्र परत देताना त्यांची नजर पिशवीवर गेली.

"बांगडे का?"

"सुरमय," मालनबाई म्हणाल्या. "तासभर लागतलो. बसा."

ते बसले.